गृहस्थाश्रमाचे आरोग्य

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णांचा हिशेब असतो. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, हे सर्व तक्त्यांत मांडलेले असते. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून रात्र काढणाऱ्या नातेवाइकाची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात होत नाही. यंदा त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. वय एकोणपन्नास, साखर कारखान्यात नोकरी, गाळप हंगामात तिन्ही पाळ्यांत काम. मुलगा बारावीला. वडिलांचा रक्तदाब तपासून झाल्यावर परिचारिका सहज म्हणाली, ‘‘दादा, आता तुम्ही हात द्या.’’ वडिलांचा दाब व्यवस्थित होता, मुलाचा १८०/११० निघाला. सहा वर्षांपूर्वीच त्यांना गोळी सुरू झाली होती. ‘‘बरे वाटू लागले म्हणून बंद केली. बाबांच्या गोळ्या मात्र एक दिवस चुकवीत नाही,’’ असे ते म्हणाले. हे सांगताना त्यांच्या स्वरात थोडा अभिमानच होता, आणि तो अस्थानी नव्हता.

आपल्या पूर्वसूरींनी आयुष्याची विभागणी चार आश्रमांत केली. शंभर वर्षांचे आयुष्य कल्पून प्रत्येकास पंचवीस वर्षे देण्याची रूढी आहे. स्मृतिकारांनी गृहस्थाश्रमास इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानले, कारण विद्यार्थी, वानप्रस्थ आणि संन्यासी या सर्वांचे पोषण गृहस्थाच्याच अन्नावर होते. ही विभागणी शतकानुशतके आदर्श म्हणूनच राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे. तरीही पन्नाशीच्या माणसाचे आईवडील हयात असणे ही तेव्हा सर्वत्र आढळणारी गोष्ट नव्हती. आज सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. विवाह उशिरा होतात, मुलांचे शिक्षण लांबते. परिणामी ऐन पन्नाशीत मुलाची फी, आईवडिलांचे औषधपाणी आणि नोकरीतील सर्वांत कष्टाची वर्षे एकाच वेळी येऊन ठेपतात. आधाराचा खांब तोच राहिला, त्यावरचा भार मात्र वाढला.

दुर्दैवाने शरीराचा काळही हाच असतो. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी दिसतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही विकार प्रारंभी वेदना देत नाहीत, आणि जे दुखत नाही ते कर्तव्याच्या यादीत तळाशी जाते. गोळीने दाब उतरतो तो गोळी चालू असेपर्यंतच. ती थांबली की तो पुन्हा चढतो, पण रुग्णास काहीच जाणवत नाही. दरम्यान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू फुगतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्या निकामी होत जातात. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह आणि उच्च रक्तदाब अग्रभागी आहेत. डायलिसिस लागले तर आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्रापाशी काढावे लागतात. पाळीची नोकरी करणाऱ्याने ते कसे निभवावे? आमच्या देणगीदारांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण डायलिसिसच्या यंत्रासाठी देणगी मिळते. रक्तदाब मोजण्याच्या साध्या उपकरणासाठी कोणी फारसे विचारीत नाही.

घरातील स्त्रीची कथा याहून अबोल आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून उरलेले खाणे हे पातिव्रत्याचे लक्षण मानणाऱ्या घरांत हिमोग्लोबिन कमी निघाले तर नवल ते कोणते!

आता परमार्थाविषयी. ‘निवृत्तीनंतर देवाचे करू’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, आणि त्याच सुरात ‘निवृत्तीनंतर फिरायला जाऊ’ असेही. चालण्याची सवय साठीपर्यंत राखून ठेवता येत नाही, तशीच मन शांत करण्याचीही. प्रपंच टाकून परमार्थ करू पाहणाऱ्यास समर्थांनी दासबोधात सावध केले आहे. प्रपंच आहे म्हणून परमार्थ पुढे ढकलणाऱ्यासही तो उपदेश लागू पडावा. वारकरी संप्रदायाने ही सांगड फार पूर्वी घातली. शेतकरी पेरणीची सोय लावून आषाढी वारीला निघतो आणि पुन्हा शेतावर परततो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मंत्र किंवा जपमाळेची प्रार्थना लयीत म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत येते आणि हृदयाच्या नियमनास ते हितकर ठरते, असे दिसून आले. मात्र जप गोळीची जागा घेत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस भाग आहे.

उपवासाविषयी आमचा अनुभव बरा नाही. एकादशीला किंवा नवरात्रात मधुमेही व्यक्ती एकतर गोळी चुकवितात, नाहीतर ती घेऊन उपाशी राहतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. ती ७० च्या खाली गेली तर उपवास तत्काळ सोडावा. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने वाढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना, पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहीला टाचेचा फोड कळतच नाही. अशा व्यक्तींनी रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. उपवास वा वारी सोडा असे आम्ही कोणालाच सांगत नाही. आठ दिवस आधी येऊन औषधांच्या वेळा बदलून घ्या, एवढेच सांगतो.

आता आमच्या कक्षांत रुग्णासोबत आलेल्या चाळिशीपुढील नातेवाइकांचा रक्तदाब मोजला जातो, साखर व हिमोग्लोबिन तपासले जाते. काही जण रागावतात. ‘‘पेशंट मी आहे का?’’ असे विचारतात.

त्या गृहस्थांनी गोळी पुन्हा सुरू केली. वडिलांच्या दुसऱ्या डोळ्यासाठी आले तेव्हा त्यांचा दाब १३४/८४ होता. त्यांच्या पत्नीची तपासणी अद्याप व्हायची आहे. ‘‘मुलाची परीक्षा आटोपली की येते,’’ असे त्यांनी कळविले आहे, आणि आम्ही परीक्षेच्या शेवटच्या पेपरानंतरच्या सोमवारची वेळ त्यांच्या नावे लिहून ठेवली आहे.