मागच्या पडवीतली रेंज

आमचं घर कोकणातलं, जुनं, चिरेबंदी. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी मागची पडवी. पाहुण्यांना घर दाखवताना छान वाटतं; केर काढताना मात्र त्याची लांबी कळते! ह्या लांबीचा दुसरा त्रास मला २०२२ साली फायबरचं कनेक्शन घेतल्यावर कळला. जोडणीला आलेल्या मुलानं विचारलं, "डबा कुठे लावू?" आमचे हे म्हणाले, "टीव्हीपाशी लाव." टीव्ही ओटीवर, म्हणून डबाही ओटीवर. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही काही सुचलं नाही.

सुचलं ते नंतर. ओटीवर नेट नुसतं धावायचं. माजघरात रांगायचं. स्वयंपाकघरात फोनवर वायफायची एखादी काडी दिसली तर दिसली, आणि मागच्या पडवीत काहीच नाही. म्हणजे मामंजी आरामखुर्चीत बसून क्रिकेट बघतात तिथे भरपूर नेट, आणि मी दिवसाचे दहा तास जिथे असते तिथे ठणठणाट.

तरी मी दोन वर्षं चालवून घेतलं. लेकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की पोळी तव्यावर टाकून ओटीवर धावायचं, दोन वाक्यं बोलायची, परत धावत यायचं. मैत्रिणींनो, किती गोष्टी आपण अशा चालवून घेतो, नाही?

पण मागची पडवी हे माझं एकटीचं ठिकाण नाही. बचत गटाच्या बायका तिथेच येतात. पासबुकं, कर्जाचे हप्ते, कुणाच्या मुलीचा दाखला, कुणाचं रेशन कार्ड, सगळं तिथे, जमिनीवर सतरंजी घालून. सासूबाईंच्या काळापासून ह्या बायकांना मागच्या दारानं यायची सवय. मला ती सवय मुळीच आवडत नाही. "पुढून या गं," असं मी शंभरदा म्हटलंय. पण ओटीवर मामंजी आणि त्यांचे दोघे-तिघे मित्र बसलेले असले की ह्या अंगणातूनच वळतात आणि विहिरीकडून मागे येतात.

जुलै २०२४मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले. मुदत आधी १५ जुलैची होती, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. 'नारीशक्ती दूत' हे अॅप माझ्या फोनवर होतं, त्यामुळे माझ्या पडवीत रोज सात-आठ जणी. बाहेर धो धो पाऊस, मोबाईलची रेंज येऊन-जाऊन. आधार कार्डाचा फोटो चढायला लागला की ते गोल चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि शेवटी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग मी फोन घेऊन ओटीवर जायचे. पण अर्जात जिचा अर्ज तिचा तिथल्या तिथे काढलेला फोटो लागायचा. आमच्या गटातली एक ताई, दुसऱ्याच्या बागेत रोजानं जाणारी, तीन दिवस कामाचा खाडा करून आली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल ओटीवर, दोन मिनिटांचं काम आहे." ती उठली, माजघराच्या दारापर्यंत आली, ओटीवरचा हसण्याचा आवाज ऐकला आणि थांबली. "ऱ्हाऊ दे वहिनी, नंतर बघू," म्हणाली आणि छत्री घेऊन निघूनही गेली.

तिचा अर्ज पुढे झाला. अंगणवाडीत झाला. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी नेटवाल्याला फोन केला. तो आला, भिंतीवर थाप मारून म्हणाला, "हातभर जाडीचा चिरा आहे काकू, ह्यातून काय जाणार?" नवीन उपकरण सांगितलं, चार हजारांचं. जुन्या राउटरचं काही करता येईल का विचारलं, तर हसला. "ते तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

हे वाक्य नसतं उच्चारलं त्यानं, तर कदाचित मी चार हजार दिले असते!

माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात टेलिफोनच्या तारेवर नेट यायचं त्या काळातला राउटर होता. सोबत त्याचाच अडॅप्टर, हे नशीब. कारण कुठलाही अडॅप्टर कुठल्याही राउटरला चालत नाही. कुणाला ९ व्होल्टचा लागतो, कुणाला १२चा. चुकीचा लावला तर राउटर कायमचा जातो. लेक पुण्याहून फोनवर, मी इथे टाचणी घेऊन. राउटरच्या पाठीला बारीक भोक असतं. वीज चालू ठेवून त्यात टाचणी साधारण दहा सेकंद दाबून धरली की जुनं सगळं पुसलं जातं आणि तो कोरा होतो.

मग त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीत दिलेलं वायफायचं नाव फोनमध्ये शोधून जोडायचं. फोन कुरकुर करतो, 'इथे इंटरनेट नाही' म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही. मोबाईल डेटा तेवढा बंद ठेवायचा. ज्यात आपण गुगल उघडतो तिथे वरच्या पट्टीत चिठ्ठीवरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहायचा. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. चिठ्ठीवरचंच नाव आणि पासवर्ड घातला की राउटरचं आतलं घर उघडतं. (काही कंपन्यांनी दिलेल्या राउटरना कुलूप असतं, हे घर उघडतच नाही. काही तर कनेक्शन सोडताना परत करायचे असतात. ते आधी बघून घ्या.) तिथली भाषा इंग्रजी, शब्द अनोळखी, पण मिक्सरच्या वॉरंटी कार्डाइतकेच.

आत गेल्यावर आधी वायफायला नवीन नाव दिलं, 'पडवी'. सुरक्षेच्या ठिकाणी 'डब्ल्यूपीए-२' निवडलं. फार जुन्या राउटरमध्ये फक्त 'डब्ल्यूईपी' असतं. तसा असेल तर तो भंगार समजा, ते कुलूप कुणीही उघडतं. राउटरच्या आतल्या घराचा पासवर्डही बदलून टाकला. मग त्याचा पत्ता बदलला. ओटीवरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१, ह्याचाही तोच. एका घरात एका पत्त्याचे दोघे चालत नाहीत. ह्याला मी शेवटी २५० दिलं, आधीचे आकडे तेच ठेवून.

आता तार. तारेशिवायही होतं, काही राउटरमध्ये 'रिपीटर' नावाची सोय असते. पण ते म्हणजे एकीनं माजघरात उभं राहून ओटीवरचं ऐकायचं आणि तेच ओरडून स्वयंपाकघरात सांगायचं. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय ती उभी राहायला हवी जिथे नीट ऐकू येतं तिथे. मागच्या पडवीत रिपीटर ठेवून उपयोग नाही, तिथे त्यालाच ऐकू येणार नाही. माझ्या राउटरमध्ये ती सोयच नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला.

सीसीटीव्ही लावणाऱ्या मुलाकडून 'कॅट सिक्स'ची पंचवीस मीटर तार घेतली, दोन्ही टोकांना त्यानंच क्लिपा दाबून दिल्या. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, घरात तेवढं अंतर कुणाचं असणार? आमच्या ह्यांनी शिडी धरली, मी वाशाच्या कडेनं प्लास्टिकच्या पट्टीतून तार नेली. पट्टी हवीच, उंदीर, खारी सोडत नाहीत. विजेच्या वायरीला चिकटून नेली नाही. एक टोक ओटीवरच्या डब्याच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकात, दुसरं जुन्या राउटरच्या 'लॅन'च्याच भोकात. त्याचं टेलिफोनचं भोक रिकामंच. दिवे लागले. 'पडवी' दिसू लागलं. मी टाळ्या वाजवल्या.

आणि संध्याकाळी ओटीवरून मामंजींची हाक आली, "सूनबाई, सामना बंद पडला!"

सगळ्यांच्या फोनवर वायफाय भरलेलं, पण नेट नाही. कुणाचं चालतंय, कुणाचं नाही. हे काही बोलले नाहीत, पण शिडी जागेवर ठेवून आले तेव्हाचा चेहरा मी पाहिला होता. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, डीएचसीपी बंद केलंस का?" नव्हतं केलं. हा शब्द लिहून ठेवा, कारण सगळ्या उद्योगात चुकायची जागा हीच. घरात आलेल्या प्रत्येक फोनला नंबर द्यायचं आणि नेटची वाट दाखवायचं काम डीएचसीपी करतं. दवाखान्यात कंपाउंडर टोकन देतो ना, तसं. मी एका दवाखान्यात दोन कंपाउंडर बसवले होते! जुन्या राउटरकडून टोकन घेतलेल्या फोनला तो म्हणायचा, "नेट माझ्याकडेच आहे," आणि त्याच्याकडे तर काहीच नाही. मी जुन्या राउटरच्या घरात पुन्हा गेले, तेवढं एक बटण बंद केलं, सगळ्यांना फोनचं वायफाय बंद-चालू करायला सांगितलं. मामंजींना शेवटची चार षटकं मिळाली. सामना आपण हरलो, त्याला माझा इलाज नव्हता.

ह्या जुन्या राउटरचा वेग नव्याइतका नाही. पण त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. नव्या डब्यातल्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण दोन भिंतींत दमतात. आमच्या घराला म्हातारंच बरं! ठेवायची जागाही फिरून शोधली. आधी फ्रिजवर ठेवला होता. फ्रिज, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी, लोखंड आणि पाणी म्हणजे रेंजच्या वाटेतल्या भिंतीच. आता पडवीच्या दाराच्या वर फळीवर आहे. वीज कडाडायला लागली की दोन्हीकडचे प्लग आणि तारही काढून ठेवते. सगळा खर्च आठशेच्या आत.

गटातल्या सगळ्यांना 'पडवी'चा पासवर्ड दिलाय. लेक त्याबद्दल ओरडते. म्हणते, पासवर्ड दिला म्हणजे घराची किल्ली दिली, आणि कुणी काही उपद्व्याप केला तर कनेक्शन बाबांच्या नावावर. बरोबर आहे तिचं. म्हणून दर तीन महिन्यांनी बदलते आणि बैठकीत नवा सांगते. तेवढ्यासाठी का होईना, हजेरी वाढली आहे.

ती ताई अजूनही मागूनच येते. पण आता ती पासबुकाची नोंद स्वतः फोनवर बघते, मुंबईच्या मुलाला पडवीतून व्हिडिओ लावते आणि माझं घर दाखवते. गेल्या आठवड्यात येताना प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी घेऊन आली. मुलानं मुंबईहून पाठवलेला जुना राउटर. तिच्याकडे यंदा नेट आलंय, आणि तिच्याही चुलीपाशी रेंज नाही म्हणे. टाचणी तिनंच घातली, दहा आकडे मोठ्यानं मोजत. मग कळलं, दिवाच लागलेला नाही. आणलेला अडॅप्टर कुठल्यातरी रेडिओचा होता. मी तो लगेच काढायला लावला. आता १२ व्होल्टचा शोधतो आहोत आम्ही दोघी.