गिनी पिगच्या पिंजऱ्याला वास का येतो? महागडं सामान न घेता तो कमी कसा करायचा?

गिनी पिगची जोडी घरी येते तेव्हा पहिले चार दिवस सगळं घर त्यांच्याभोवती गोळा झालेलं असतं. काकडीचा तुकडा दिसला की 'व्हीक व्हीक' करत धावत येणारे हे केसाळ गोळे सगळ्यांनाच आवडतात. मग साधारण दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अगं, कसला वास येतोय हा? तुझ्या त्या उंदरांचा तर नाही ना?"

तिथून पुढचा प्रवास बहुतेक घरांत सारखाच असतो. आधी उदबत्ती, मग रूम फ्रेशनर, मग पिंजऱ्याची रवानगी बाल्कनीत. आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज, 'कुणाला हवेत का? पिंजऱ्यासकट देऊन टाकायचेत.' घर भाड्याचं असेल आणि घरमालक खालीच राहत असेल, तर हा मेसेज आणखी लवकर पडतो.

पण खरं सांगायचं तर गिनी पिग हा वास मारणारा प्राणी नाही. तो स्वतःचं अंग स्वतः स्वच्छ ठेवतो. वास मारतो तो पिंजरा. आणि तो का मारतो हे एकदा कळलं, की उपाय फार खर्चिक नाहीत हेही कळतं.

वास नेमका येतो कुठून?

गिनी पिग दिवसभर खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो. दिवसाला १०० किंवा त्याहून जास्त. त्यामुळे आपला पहिला संशय लेंड्यांवर जातो. पण निरोगी गिनी पिगच्या लेंड्या कोरड्या आणि कडक असतात, त्यांना जवळजवळ वास नसतो. खरा प्रश्न लघवीचा आहे.

१ किलो वजनाचा गिनी पिग दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी पितो. हिरव्या पाल्यातून मिळणारं पाणी वेगळं. म्हणजे जोडी असेल तर रोज जवळपास एक पेलाभर पाणी त्यांच्या पोटात जातं आणि त्यातलं बरंचसं पिंजऱ्याच्या तळाशी येतं.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो. पिंजऱ्यातले जिवाणू या युरियाचं विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू तयार होतो. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना नाकात जातो, तोच हा झणझणीत वास. या प्रक्रियेला तीन गोष्टी लागतात: ओल, उष्णता आणि वेळ. शिवाय गिनी पिगची लघवी अल्कधर्मी असते आणि अशा लघवीतून अमोनिया पटकन हवेत सुटतो.

म्हणजे वासाशी लढायचं असेल तर ओल शोषून घ्यायची, ती लवकर काढून टाकायची आणि हवा खेळती ठेवायची. बाकी सगळे उपाय याच तीन गोष्टींच्या आसपास फिरतात.

प्रश्न फक्त आपल्या नाकाचा नाही

आपण उभं राहून वास घेतो. गिनी पिगचं नाक मात्र त्या ओल्या थरापासून दोन-चार बोटांवर असतं, तेही चोवीस तास. तो श्वास प्रामुख्याने नाकानेच घेतो. अमोनियामुळे त्याच्या डोळ्यांची आणि श्वासनलिकेची आग होते आणि फुप्फुसांच्या संसर्गाचा धोका वाढतो. गिनी पिगमध्ये न्यूमोनिया हा नेहमी दिसणारा आणि जिवावर बेतणारा आजार आहे.

सतत ओल्या जागी बसल्यामुळे तळपायांना जखमा होतात, पोटाखालची कातडी सोलवटते. पावसाळ्यात घाणीने माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात, ते तर आणखी वाईट.

त्यामुळे एक साधी चाचणी करा. गुडघ्यांवर बसा, तोंड पिंजऱ्याच्या तळाच्या पातळीवर आणा आणि श्वास घ्या. नाकात झणझणलं तर साफसफाईला आधीच उशीर झालाय असं समजा.

पिंजरा लहान, वास मोठा

दुकानात मिळणारे बरेचसे रंगीत पिंजरे दोन गिनी पिगसाठी अपुरे असतात. जोडीला किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे साधारण अडीच फूट बाय तीन फूट जागा लागते. जागा कमी असली की तेवढीच लघवी कमी अंथरुणावर पडते, ते लवकर भिजतं आणि लवकर वास मारतं.

मोठा पिंजरा विकत घ्यायलाच हवा असं नाही. जाहिरातीचे आणि निवडणुकीचे बोर्ड ज्या पन्हाळीदार प्लास्टिक शीटवर छापतात, ज्याला बाजारात सनपॅक शीट म्हणतात, ती घ्या. कडा दुमडून आणि चिकटपट्टी लावून सहा-सात इंच उंचीचा ट्रे तयार होतो. त्याभोवती लोखंडी जाळीचे चौकोन बांधले की झालं. बोर्ड छापणाऱ्याकडे वाया गेलेली शीट मागितली तर ती स्वस्तातही मिळू शकते. फक्त चाव्यात येणार नाही अशा बेताने कडा बाहेरच्या बाजूला ठेवा.

काचेची फिशटँक किंवा चारही बाजूंनी बंद खोका मात्र नको. त्यात हवा खेळत नाही आणि अमोनिया आतच कोंडतो.

आणखी एक गोष्ट. दुकानदाराने 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगितलं तरी पशुवैद्याकडून खात्री करून घ्या. दुकानात नर-मादी ओळखण्यात चुका होतात. गाभणकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा असतो. दोनाचे पाच झाले की सगळा हिशेबच बदलतो.

खाली काय अंथरायचं?

नुसता वर्तमानपत्राचा कागद: रद्दी घरात असतेच, त्यामुळे हा सगळ्यात स्वस्त पर्याय. पण कागद फारसं शोषत नाही आणि लघवी वरच साचते. त्यामुळे कागद सगळ्यात खालचा थर म्हणून वापरा. नुसताच कागद वापरायचा असेल तर पाच-सहा घड्यांचा जाड थर घाला आणि तो रोज बदला. गुळगुळीत रंगीत पुरवण्या बाजूला काढा.

लाकडाचा भुसा: वखारीत स्वस्त मिळतो, पण पिठासारखा बारीक भुसा नाकात जातो. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा तर नकोच, कारण त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा डिंक मिसळलेला असतो. रंधा मारल्यावर निघणारी जाडसर सालपटं चालतात, पण लाकूड साधं, कोरडं आणि पॉलिश न केलेलं हवं. देवदारासारखी उग्र वासाची लाकडं टाळा, त्यातल्या तेलांचा गिनी पिगला त्रास होतो.

मांजराची लिटर: मातीची, ओली झाली की गोळा होणारी लिटर वापरू नका. गिनी पिग ती खाऊ शकतो आणि पोटात ती फुगते.

फ्लीस आणि जुने टॉवेल: दोन-तीन महिन्यांचा हिशेब केला तर हा पर्याय बहुतेकांना परवडतो. रस्त्यावर मिळणारं पातळ फ्लीसचं ब्लँकेट ओल स्वतःत धरून ठेवत नाही, खाली जाऊ देतं. त्याच्याखाली जुने टॉवेल, पंचे किंवा फाटकी गोधडी घातली की ओल तिथे शोषली जाते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. नवं फ्लीस आधी दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुवून घ्या, नाहीतर त्यावर पाण्याचे थेंब नुसते तरंगतात. सॉफ्टनर कधीच नको, त्याने कापडातून ओल खाली जाणं थांबतं.

फ्लीसचे किमान दोन संच लागतात. एक पिंजऱ्यात, एक दोरीवर.

एका कोपऱ्याची युक्ती

गिनी पिग खाता खाता लघवी करतो. ही सवय आपल्या फायद्याची आहे. गवत पिंजऱ्यात सगळीकडे टाकण्याऐवजी एकाच कोपऱ्यात ठेवा आणि तिथे एक पसरट प्लास्टिकचा ट्रे ठेवा. ट्रेमध्ये कागदाचे कपटे किंवा सालपटं भरा. बरीचशी लघवी तिथेच पडेल.

मग रोज पूर्ण पिंजरा काढायची गरज नाही. ट्रे रिकामा करायचा, नवे कपटे भरायचे. पाच मिनिटांचं काम. फ्लीसवरच्या कोरड्या लेंड्या हातझाडूने सुपलीत गोळा होतात. या लेंड्या, उरलेलं गवत आणि कागद कंपोस्टमध्ये चालतात. कुंड्यांसाठी खत होईल. हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवा.

व्हिनेगर की खायचा सोडा?

'पिंजऱ्यात खायचा सोडा भुरभुरवा, वास जातो' असा सल्ला खूप जण देतात. इथे शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. अमोनिया अल्कधर्मी आहे आणि खायचा सोडाही अल्कधर्मीच. अल्कधर्माने अल्कधर्माचा तोडगा निघत नाही. शिवाय ती पूड पायाला लागते, नाकात आणि पोटात जाते.

अमोनियाला उतारा म्हणजे आम्ल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा. चायनीजच्या गाडीवर असतं तेच व्हिनेगर, किराणा दुकानात बाटली १०० रुपयांच्या आत मिळते. ट्रेवर मारलं की आम्लामुळे अमोनियाचं क्षारात रूपांतर होतं आणि तो हवेत सुटत नाही. ट्रेच्या तळाशी जमणारा पांढरा थर कॅल्शियमचा असतो, तोही व्हिनेगरने सुटतो. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच प्राण्यांना आत सोडा. व्हिनेगरचा वास वाळल्यावर जातो.

फ्लीस धुताना आधी बाहेर झटकून केस आणि गवत काढा. थंड पाण्यात एकदा खळबळून मग कमी साबणात, शक्य असेल तर गरम पाण्यात धुवा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. मशीनमध्ये टाकणार असाल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून टाका, म्हणजे केस मशीनच्या जाळीत अडकणार नाहीत आणि घरातली भांडणंही टळतील. कडक ऊन मिळालं तर उत्तमच.

या गोष्टी करू नका

ब्लीच आणि लघवी, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही वेळा विषारी वायू तयार होतो, तो माणसालाही घातक आहे.

फिनाईल, डांबराच्या गोळ्या, कापूर, उदबत्ती, रूम फ्रेशनर पिंजऱ्याजवळ नकोत. त्यांनी वास जात नाही, फक्त झाकला जातो. अमोनिया तिथेच राहतो आणि वर धुराची भर पडते.

प्राण्याला सारखी आंघोळ घालू नका. त्याने वास कमी होत नाही, उलट त्याला थंडी बाधते. नरांच्या शेपटीच्या जागेजवळ एक तेलकट ग्रंथी असते. ती चिकट झाली तर थोडं खोबरेल तेल लावून हलक्या हाताने पुसणं पुरेसं आहे.

वास कमी व्हावा म्हणून पाणी कधीही कमी करू नका.

आणि बाल्कनी हा उपाय नाही. गिनी पिगला २६-२७ अंशांच्या वर उकाडा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या उन्हात ठेवलेला पिंजरा त्याच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. हवा दमट, फ्लीस दोन-दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो. या चार महिन्यांत कापडाचा तिसरा संच ठेवा, किंवा फ्लीस बाजूला ठेवून कागद आणि सालपटांवर या. पिंजरा खिडकीजवळ, पण पावसाची झड आणि थेट वारा लागणार नाही असा ठेवा. गवत बुरशी आलेलं नाही ना, हे रोज बघा. ओलसर, काळपट गवत स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

खाण्याचा काय संबंध?

गिनी पिगच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा गवताचाच हवा. गवत कमी आणि काकडी, कलिंगड, कोबी जास्त झाली की लेंड्या मऊ होतात, चिकटतात आणि वास मारतात. ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत परवडत नसेल तर स्वच्छ हरळी, म्हणजे आपल्या दूर्वाच, चांगला पर्याय आहे. फक्त औषध फवारलेल्या किंवा रस्त्याकडेच्या नकोत. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे मोठ्या प्राण्यांना तो रोज नको. गिनी पिगचं शरीर 'क' जीवनसत्त्व तयार करत नाही, म्हणून ढोबळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर मात्र बंद करू नका.

सगळं करूनही वास आला तर?

रोज ट्रे आणि लेंड्या, दोन-तीन दिवसांनी कापड, आठवड्यातून एकदा व्हिनेगरने पूर्ण पिंजरा. एवढं नियमित करूनही वास अचानक वाढला किंवा बदलला, तर तो पिंजऱ्याचा नसून प्राण्याचा असू शकतो. लघवीत रक्त, लघवी करताना ओरडणं, पातळ शी, मागचा भाग सतत ओला, नाक वाहणं किंवा खाणं बंद होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. गिनी पिगचं खाणं थांबलं की तब्येत काही तासांत ढासळते.

गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतो. म्हणजे आज आठवीतल्या मुलीसाठी आणलेली जोडी ती कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त खर्च होणार आहे तो रोजच्या पाच मिनिटांचा. जोडी घरी आणण्याआधी ही पाच मिनिटं घरात कोण देणार, हे ठरवून घ्या.