पाठीचे कुबड हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे

“मागच्या जन्मीचे भोग आहेत,” असे कुबड आलेल्या माणसाला आजही ऐकावे लागते. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजचे दुःख ढकलणारी ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. दुःखाला कारण असते. कारण सापडले की उपाय शोधता येतो. वाकलेल्या कण्याचेही तसेच आहे.

कुणाचे मणके जन्मतःच नीट बनलेले नसतात. कुणाचा कणा वाढीच्या वयात एका बाजूला वळतो. मणक्याला टीबी झाला तर हाड पोखरून ढासळते आणि पाठीवर उंचवटा येतो. वेळीच गोळ्या सुरू केल्या तर असे कुबड बऱ्याचदा टळते. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मणक्याच्या टीबीला ती वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

“वाढ थांबली, आता वाकही थांबला,” हा गैरसमज आहे. बाजूचा वाक 50 अंशांच्या पुढे असेल तर मोठेपणीही तो वर्षाला साधारण एखादा अंश वाढू शकतो. फार वाकलेल्या कण्यामुळे फुप्फुसे दबतात, जिना चढताना दम लागतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. वाक वाढतच असेल, दुखणे असह्य असेल, मज्जारज्जू किंवा श्वासावर ताण येत असेल, तर डॉक्टर ते सुचवतात. मणक्यांत स्क्रू बसवून ते सळ्यांनी जोडतात. कणा फार ताठर असेल तर हाडाचा तुकडाही कापावा लागतो. ऑपरेशन चालू असताना नसांचे काम यंत्रावर तपासत राहतात. काही रुग्णांना आधी काही आठवडे डोक्याला कडे लावून हळूहळू ताण देतात. कणा पूर्ण सरळ होईलच असे नाही. तोल साधणे आणि पुढचे नुकसान थांबवणे हा खरा हेतू असतो.

धोकेही आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणे, पुन्हा ऑपरेशन, क्वचित पायांतली ताकद जाणे. म्हणून सही करण्याआधी विचारा: ऑपरेशन न केल्यास काय होईल? केल्यास माझ्या बाबतीत धोका किती? कामावर कधी जाता येईल? तंबाखू, मिश्री, बिडी आधीच बंद करा, नाहीतर हाड जुळायला अडचण येते.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागातही तपासणी होते. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरले तर दिव्यांग प्रमाणपत्रावर सवलती मिळतात.

पाय जड पडू लागले, चालताना अडखळू लागले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर अंगारा-धुपारा, मालिश यात एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.