गुडघा, खांदा आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, की जे आधी घडलं ते कारण, असं मानायला हरकत काय? उत्तरासाठी आज बेसबॉलमधलं उदाहरण घेतो. दचकू नका, मलाही तो खेळ बेताचाच कळतो. पिचर म्हणजे आपला गोलंदाज समजा.

मार्क फिड्रिच. १९७६मध्ये डेट्रॉईट टायगर्सकडून खेळायला लागला तेव्हा एकवीस वर्षांचा. चेंडूशी बोलायचा, गुडघे टेकून हातानं माती सारखी करायचा. लोक वेडे झाले त्याच्यापायी! त्या हंगामात १९ विजय, ९ पराभव. सुरुवात केलेल्या २९ सामन्यांपैकी २४मध्ये शेवटपर्यंत एकट्यानंच चेंडू टाकले. एकूण अडीचशे डाव. हा आकडा लक्षात ठेवा.

१९७७च्या मार्चमध्ये सरावात उडी मारताना गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, मेअखेर परतला, आणि जुलैत सामना चालू असतानाच हातातला जीव गेल्यासारखं झालं. पुढच्या तीन हंगामांत मिळून १६ सामने. १९८०नंतर मोठ्या लीगमध्ये तो दिसला नाही.

गोष्ट सांगतात ती अशी: गुडघा गेला, म्हणून फेकण्याची ढब बदलली, म्हणून खांदा गेला. पटते ना? पटते म्हणूनच जरा थांबू. नैयायिक म्हणतात, कुंभाराच्या गाढवानं माती आणली, म्हणजे घड्याच्या आधी गाढव होतंच. पण ते घड्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घडा झालाच असता. याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आता सांगा, गुडघा शाबूत राहिला असता तर खांदा टिकला असता? का गुडघा हे इथलं गाढव? माझा कल त्या अडीचशे डावांकडे आहे. सिद्ध नाही करता येणार, कबूल.

मला खटकतं ते निराळंच. खांद्याचा रोटेटर कफ फाटलाय, हे निदान डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी केलं १९८५मध्ये. तोवर त्यानं खेळ सोडला होता. आठ वर्षं दुखण्याला नावच नाही! आणि नाव नसलं की कारण माणसाच्या स्वभावात शोधलं जातं. (माझ्या पाठीचा मणका सरकलेला निघेपर्यंत घरात मी आळशी होतो.) नैयायिकांच्या गाढवाला निदान कुणी दोष तरी देत नाही.

फिड्रिच पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये शेती करायचा, ट्रक चालवायचा. २००९मध्ये त्याच ट्रकखाली दुरुस्तीचं काम करताना गेला. चौपन्न वर्षांचा होता.

हं, विचारा आता.