जुन्या जीपचा डिफरन्शिअल घरी दुरुस्त करताना

दूध, भाजीपाला, खताची पोती आणि प्रसंगी वऱ्हाडही वाहणारी जुनी जीप आजही अनेक वस्त्यांवर चालू आहे. ऐन बाजाराच्या दिवशी मागून ‘कडाड्’ असा आवाज येतो, गिअर पडतो, इंजिन फिरते, पण गाडी जागची हलत नाही. मग डिफरन्शिअल गेला असे धरून पुरता संच विकत आणला जातो. ही घाई महागात पडते. बिघाड नेमका कोठे आहे ते आधी ओळखावे.

डिफरन्शिअलची कामे दोन. प्रोपेलर शाफ्टची फिरत काटकोनात वळवून चाकांकडे नेणे हे क्राऊन व पिनियनचे काम. विलीज धाटणीच्या अनेक जीपमध्ये क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असतात, म्हणजे पिनियनचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक होतो. दुसरे काम वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देण्याचे. ते क्राऊनला जोडलेल्या पेटीतील लहान गिअर करतात. याच रचनेमुळे एका बाजूचा हाफ शाफ्ट तुटला तर सगळी फिरत त्या मोकळ्या तुकड्याकडे जाते आणि शाबूत चाकही ओढ देत नाही. लक्षण डिफरन्शिअल तुटल्याचे, प्रत्यक्षात मोडलेला असतो फक्त शाफ्ट!

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट किंवा दाते तुटले असतील तर तो गाडी धरत नाही. एक मागचे चाक जॅकवर उचलले तरीही धरत नाही. म्हणून सपाट जागा निवडावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावावेत आणि मागचा अ‍ॅक्सल भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये.

आता इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी व एक मागचे चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर शाफ्ट व लहान गिअर जुळलेले आहेत. ते हललेच नाही तर हाफ शाफ्ट किंवा लहान गिअर तुटले आहेत. प्रोपेलर शाफ्ट स्थिर असून दोन्ही चाके एकाच दिशेने फिरवता येत असतील तर क्राऊन-पिनियनचे दाते गेले.

नंतर तेल काढून मागचे झाकण उघडावे. तेलात राखाडी लोण्यासारखा बारीक गाळ असणे ही झीज होय. टोकदार तुकडे सापडले तर दाता किंवा बेरिंग फुटले आहे. सर्व तुकडे निघेपर्यंत हौसिंग डिझेलने धुवावे, कारण राहिलेला एक तुकडा नवा गिअरही मोडतो.

शाफ्ट काढताना निमुळत्या टोकावरचा हब पुलरनेच ओढावा, हातोडीने ठोकू नये. पेटी काढावी लागल्यास बेरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशा खुणा पंचने कराव्यात. शिम ज्या बाजूची त्या बाजूलाच परत बसली पाहिजे. हे पाळले तर लहान गिअर व वॉशर बदलूनही क्राऊनची जुनी मांडणी कायम राहते आणि हे काम घरी जमते.

क्राऊन-पिनियन मात्र जोडीनेच बदलावेत. दोन्ही एकमेकांवर घासून जुळविलेले असतात, सबब एक जुना व एक नवा चालत नाही. दात्यांमधील मोकळीक जेमतेम ०.१५ मि.मी.च्या आसपास ठेवावी लागते. ते काम डायल गेज असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावे, इथे मजुरी वाचवू नये.

बिघाडाचे मूळ बहुधा तेलात असते. हौसिंगवरील हवेचे लहान छिद्र चिखलाने बुजले की आतला दाब वाढतो, सीलमधून तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि गिअर कोरडे पडतात. चिखलणीच्या दिवसांनंतर हे छिद्र तारेने साफ करावे. तेल ८०-९० नंबरचे, हायपॉईड गिअरसाठीचे जीएल-५ प्रतीचे असावे व भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत भरावे. उरलेले इंजिन ऑईल ओतू नये. दुरुस्तीनंतर पहिले ५०० कि.मी. ओझे कमी ठेवावे, मग तेल बदलून त्यात काय उतरले आहे ते पाहावे.