क्रीटचे एकांत किनारे

ग्रीसच्या नकाशात सगळ्यात खाली आडवे पसरलेले लांबट बेट म्हणजे क्रीट. लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी कुठे ६० तर कुठे अवघी १२. शहरे, विमानतळ, मोठी हॉटेले बहुतेक उत्तर किनाऱ्यावर. दक्षिणेला मात्र ‘लेफ्का ओरी’ म्हणजे पांढरे पर्वत थेट समुद्रात उतरतात. त्यांचे सर्वांत उंच शिखर २४५३ मीटर. सुगिया आणि खोरा स्फाकियॉन या दोन गावांच्या मध्ये किनाऱ्यालगत सलग मोटाररस्ता नाहीच. लूत्रो आणि आगिया रूमेली या गावांना बोटीने जायचे, नाहीतर पायी. एकांत शोधणाऱ्याने म्हणून दक्षिणेकडेच वळावे.

आम्ही सहा जण होतो : दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, एक मुलगी आणि सासूबाई. अम्मींचे वय ६८. माहेर हर्णैचे, त्यामुळे समुद्र जन्मापासून समोर. पण मोठेपणी घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिले नाही, कारण किनाऱ्यावर सदा माणसे. त्यांना एकदा मनसोक्त पाण्यात उतरायचे होते. बाकीची सगळी आखणी त्या एका इच्छेभोवती झाली.

पहिली समजूत दुरुस्त करावी लागली ती अशी, की अवघड वाट म्हणजे एकांत नव्हे. खानिया शहराजवळ ‘सेइतान लिमानिया’ नावाची खाच आहे. तुर्की अमलातले हे नाव. सेइतान म्हणजे आपला शैतानच. शैतानाची बंदरे. खाली उतरणारी वाट खडी, पायाखाली घसरती खडी, मध्येच बकऱ्या आडव्या. तरी खालची वीतभर वाळू उन्हाळ्यात माणसांनी भरलेली असते, कारण तिचे फोटो जगभर फिरले आहेत. पश्चिम टोकाच्या बालोसचेही तेच. कच्चा रस्ता हाडे खिळखिळी करतो आणि खाली पोचावे तर मोठ्या बोटींतून माणसे उतरत असतात.

खरा एकांत नावापेक्षा वेळेवर ठरतो. बहुतेक आडवळणाच्या किनाऱ्यांवर सहलीच्या बोटी दुपारच्या आधी येतात आणि दुपारनंतर परततात. त्यांच्या आधीचे दोन-तीन तास तुमचे. जुलै-ऑगस्ट टाळा. सप्टेंबरअखेर पाणी उबदार असते आणि गर्दी ओसरलेली.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण प्रवासाच्या पुस्तकांत ती आडून लिहिलेली असते. जिथे गर्दी नाही तिथे कपडे न घालता पोहणारेही जातात. क्रीटच्या दक्षिणेला ही जुनी रीत आहे आणि स्थानिक लोक फारसे लक्ष देत नाहीत. आपल्याला एकांत हवा तो पडद्यासाठी, त्यांना हवा तो नेमका उलट कारणासाठी, आणि दोघेही नकाशावर त्याच ठिपक्यावर बोट ठेवतात! म्हणून मुलाबाळांना घेऊन निघण्यापूर्वी मुक्कामाच्या घरमालकिणीला सरळ विचारावे. आम्ही विचारले. बाई हसल्या, आणि दोन किनाऱ्यांवर काट मारून दिली.

त्यात ‘ग्लिका नेरा’ होता. मन खट्टू झाले, कारण त्याची गंमत मोठी आहे. नावाचा अर्थ गोडे पाणी. पर्वतावरचे बर्फ वितळते, चुनखडीच्या दगडातून झिरपत खाली येते आणि ऐन समुद्राच्या काठी, गोट्यांखालून वर येते. हाताने खळगा केला की पिण्याजोगे गार पाणी! समुद्राला लागून गोड्या पाण्याची विहीर कोकणातही असते, त्यामुळे अम्मींना नवल वाटले नाही. ‘ही तर आपल्याकडची रीत’ एवढेच म्हणाल्या. खोरा स्फाकियॉनहून तिथे पायी तासभर लागतो, पण वाट कड्याच्या पोटातून कोरलेली आणि एका बाजूला खोल दरी. आम्ही लूत्रोला जाताना बोटीतूनच किनारा पाहिला.

लूत्रोच्या पश्चिमेला आरादेना घळीच्या तोंडाशी ‘मार्मारा’ आहे. मार्मारा म्हणजे संगमरवर. आपल्या ‘संगमरवर’ शब्दातला ‘मरवर’ फारसीतून आला, फारसीतला ‘मर्मर’ ग्रीकमधून. शब्द केवढी सफर करतात पाहा. लाटांनी कोरलेले गुळगुळीत फिकट दगड आणि त्यांत पाण्याच्या गुहा. चालत तासाहून जास्त लागते, सावली जवळजवळ नाही. तरुणांनी जरूर जावे. आमच्यातले दोघे गेले, माणशी दोन लिटर पाणी घेऊन, आणि ते पुरले नाही.

अम्मींसाठी निवड झाली ती ‘आगिओफारागो’ची. हा किनारा मध्य क्रीटच्या दक्षिणेला. ओदिगित्रिया मठापुढे कच्च्या रस्त्याने गाडी घळीपर्यंत जाते. तिथून अर्धा तास कोरड्या ओढ्याच्या पात्रातून सपाट चाल. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये कण्हेरीची झुडपे. कड्यांतल्या गुहांत पूर्वी ख्रिस्ती तपस्वी राहत. गाडीविषयी इशारा : भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर फुटलेल्या चाकाला किंवा खालून लागलेल्या दगडाला बहुधा लागू नसतो. करार वाचूनच सही करा.

सकाळी आठला पोचलो तेव्हा कोणी नव्हते. दोघे भाऊ घळीच्या तोंडाशी पाठ करून बसले, म्हणजे कोणी आले तर आधीच कळावे. अम्मी आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत गेल्या. काही बोलल्या नाहीत. बराच वेळ नुसत्या डोळे मिटून उभ्या होत्या, नातीचा हात धरून. अकराच्या सुमारास पहिली बोट दिसली, तोवर आम्ही कपडे बदलून चहा पीत होतो.

कपड्यांबद्दल बायकांसाठी दोन शब्द. सुती सलवार-कमीज पाण्यात जड होते, लाटेत पायांत अडकते. ओढणी तर धोक्याचीच. पातळ नायलॉनचा अंगभर पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी शिवून किंवा विकत घ्या. पायात रबरी बूट हवेत, कारण खाली वाळू कमी आणि गोटे जास्त. पाणी दोन-चार पावलांत एकदम खोल होते. अशा ठिकाणी जीवरक्षक नसतो, अनेकदा मोबाईलला रेंजही नसते. रेंज असेल तर मदतीचा क्रमांक ११२. दक्षिणेला लाटा कमी वाटल्या तरी पर्वतावरून अचानक वाऱ्याचे झोत येतात. रबराची गादी घेऊन पाण्यात तरंगू नये, ती आफ्रिकेच्या दिशेने निघते.

हे किनारे उघडे राहावेत म्हणून ग्रीक लोकांनाही झगडावे लागले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे रहिवासी टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, कारण भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी त्यांना बसायला जागा उरली नव्हती. २०२४ मध्ये सरकारने संरक्षित भागांतले १९८ किनारे ‘पाऊल न पडलेले’ म्हणून जाहीर केले. तिथे खुर्च्या-छत्र्या मांडायला, गाणी वाजवायला मनाई आहे. आम्हाला हे फार पटले.

क्रीटशी मुसलमानांचे नाते जुने आहे. इ.स. ८२० च्या दशकात कुर्तुबातून हद्दपार झालेले अंदलुसी लोक अबू हफ्स यांच्याबरोबर इथे उतरले. त्यांनी खंदक खणून वसवलेले शहर म्हणजे आजचे हेराक्लिऑन. त्यांची अमिरात ९६१ पर्यंत टिकली. पुढे तुर्की अमलात इथले कितीतरी मुसलमान घरात ग्रीकच बोलत. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत त्यांना तुर्कस्तानात जावे लागले. खानियाच्या बंदरावरची मशीद आज प्रदर्शनांसाठी वापरतात. नमाज आम्ही खोलीवर आणि किनाऱ्यावर पढलो. किबला इथून आग्नेयेला; पश्चिमेची सवय असल्याने पहिल्या दिवशी सगळे चुकीच्या बाजूला वळलो.

जेवणाला मासे, डाळी, रानभाज्या भरपूर. स्फाकियाची मधाची पोळी मागण्याआधी पिठात राकी घातली आहे का, ते विचारा. कधी कधी घालतात. जेवणानंतर तीच राकी पाहुणचार म्हणून फुकट पुढे येते. छातीवर हात ठेवून ‘एफखारिस्तो’, म्हणजे आभार, म्हणून नको म्हटले की कोणी वाईट मानत नाही. आमच्यासमोर द्राक्षे आली. आगिया रूमेलीहून परतीची शेवटची बोट साधारण संध्याकाळी साडेपाचला सुटते. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली तर रात्र त्याच गावात काढावी लागते.