नासिकेचे स्नायू : रचना व कार्य

प्रस्तावना :
कोल्हापूर येथे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती रंगली की मल्लांच्या नाकपुड्या फुगलेल्या दिसतात. ही केवळ आवेशाची खूण नसून श्वसनाची गरज असते. प्रस्तुत लेखात ही क्रिया घडविणाऱ्या स्नायूंचे विवेचन केले आहे.

रचना :
नासिकेचा वरचा भाग अस्थींचा, तर खालचा भाग लवचीक कूर्चांचा असतो. त्यामुळे हालचाल मुख्यतः खालच्या भागात होते. प्रमुख स्नायू पुढीलप्रमाणे आहेत.

१) प्रोसेरस : हा नासास्थींवरून निघून भुवयांमधील त्वचेत शिरतो. तो आकुंचन पावला की नाकाच्या मुळाशी आडव्या आठ्या पडतात.

२) नेझॅलिस : याचा उगम वरच्या जबड्यावर होतो. त्याचा आडवा भाग नाक आवळतो, तर नाकपुडीलगतचा भाग ती रुंदावतो.

३) डिप्रेसर सेप्टाय : हा वरच्या जबड्यापासून नाकाच्या पडद्याच्या खालच्या भागापर्यंत जातो व तो भाग खाली ओढतो.

४) वरचा ओठ व नाकपुडी उचलणारा स्नायू : नाक मुरडताना याचे कार्य स्पष्ट दिसते.

या सर्व स्नायूंना आनन तंत्रिकेकडून, म्हणजे सातव्या मस्तिष्क तंत्रिकेकडून, चेतना मिळते.

कार्य :
नाकपुडीच्या किंचित आत श्वसनमार्ग सर्वांत अरुंद असतो. नाकातील हवेला होणाऱ्या एकूण विरोधाचा मोठा भाग येथेच असतो. जोरात श्वास घेतल्यास आतील दाब कमी होऊन नाकाची मऊ भिंत आत ओढली जाते. ती मिटू नये म्हणून विस्फारक स्नायू श्वासपटलाच्या किंचित आधीच ताणले जातात. श्रम वाढून हवेची गरज मिनिटाला सुमारे ३५ लिटरपलीकडे गेली की बहुतेकांना तोंडानेही श्वास घ्यावा लागतो.

वैद्यकीय महत्त्व :
अर्दित वायूत, म्हणजे बेल्स पाल्सीमध्ये, डोळा न मिटणे व तोंड वाकडे होणे ही लक्षणे चटकन ध्यानात येतात. नाकाकडे मात्र दुर्लक्ष होते. वास्तविक त्या बाजूचे विस्फारक स्नायूही शिथिल होतात. परिणामी सर्दी नसतानाही नाक चोंदल्यासारखे वाटते आणि सर्दीच्या थेंबांनी आराम पडत नाही. गाल हलकेच बाहेरच्या बाजूस ओढल्यावर श्वास मोकळा झाला, तर अडथळा या अरुंद भागात असण्याची शक्यता असते. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. बेल्स पाल्सीचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो.

समारोप :
आकाराने लहान असलेले हे स्नायू मुखावरील भाव व्यक्त करतात, तसेच श्वसनमार्ग खुला राखतात. म्हणून चेहऱ्याच्या पक्षाघातात डोळा व ओठ यांच्याबरोबरच नाकपुडीचीही तपासणी होणे अगत्याचे आहे.